बंकरात उतरायच्या आधी आलेला फोन

जयभीम मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी केमिस्ट आहे. भूत-बित म्हणणाऱ्यांची मी आजवर चारचौघांत टर उडवत आलो. आज मात्र मीच असलं काही लिहायला बसलोय...

जबलपूरबाहेरच्या एका केमिकल कारखान्यात मी कोळसा तपासतो. चीनमध्ये कोळशापासून खत, मिथेनॉल बनतं, दक्षिण आफ्रिकेत चक्क तेल. आम्ही आपले त्याचा गॅस करून भट्ट्या चालवतो. इतकी वर्षं सिंगरौलीचा कोळसा यायचा. गेल्या वर्षी पहिल्यांदा इंडोनेशियाचा आला. तो आतल्या आत लवकर धुमसून विषारी गॅस सोडतो, हे मी वाचलं होतं. पण हाताला सवय जुन्या कोळशाची! बंकरात, म्हणजे कोळसा साठवायच्या खोल टाकीत, वरूनच गॅसचं मीटर धरलं, ‘हवा ठीक’ लिहिलं आणि सही केली. आत कोळसा अडकला होता. तो मोकळा करायला तिथंच कामाला असलेला माझा धाकटा भाऊ प्रवीण उतरणार होता.

त्याच सकाळी साडेदहाला चेरीतालच्या घरून आईचा फोन.

“अरे, घरात तुह्या बाबाच्या शर्टाचा वास येऊन राहिला. कोळशाचा. काहून?”

बाबा भट्टीवर कामाला होते. अशाच एका बंकरात गॅसनं गेले. आणि आईला चार वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून कसलाच वास येत नाही. दूध करपलं तरी तिला कळत नाही.

“प्रवीण कुठं आहे?” तिनं विचारलं.

मी धावलो. तो पट्टा बांधून शिडीवर उभा होता.

“भैया, सही तर तुझीच आहे ना?” तो हसला.

मी त्याला दंड धरून बाहेर ओढलं. मीटर दोरीला बांधून तळापर्यंत सोडलं, तर ते ओरडायलाच लागलं. खाली विषारी गॅस साचला होता. प्रवीण तिथंच खाली बसला.

मी माझी चूक लेखी कळवली. आता मीटर तळापर्यंत जातं. पण आईला आलेला तो वास... योगायोग म्हणायचं तर म्हणा, माझी जीभ रेटत नाही.

त्या संध्याकाळी मी आईच्या नाकाशी हिंगाची डबी धरली. काही नाही. अगरबत्ती, रॉकेल — काही नाही. घरात भयंकर उकडत होतं, म्हणून खिडकी उघडायला उठलो, तर तिनं मनगट धरलं.

“राहू दे बेटा. तुह्या बाबाचा वास निघून जाईल.”