शंकाताईंचा पहिला संशय

शंकाताई चहासुद्धा आधी हुंगायच्या. ऑफिसखालचा टपरीवाला चिडायचा, "ताई, विष घालून राहिलो का मी?" त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "तसं न्हाई. दूध कालचं हाय का बघून राहिले." त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण नांदेडच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. त्या उदगीरच्या किराणा दुकानदाराच्या घरातल्या. गिऱ्हाइकापेक्षा काट्यावर डोळा ठेवायचा, हे वडिलांनी शिकवलं असं सांगायच्या.

मी "काम झालं" म्हटलं की त्या मान वर न करता विचारायच्या, "कशावरून?" सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. पुढं कळलं की स्वतःचं काम झाल्यावरही त्या स्वतःशी हेच पुटपुटतात.

एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. त्याच्या मुळाशी, सगळ्या नोंदी साठवायला, एक मोफत डेटाबेस होता. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. रक्तपेढीतलं मशीन अधूनमधून हळू व्हायचं आणि मग बसायचंच. नातेवाईक रक्तासाठी उभे, आणि पडदा हलत नाही. तेही बहुतेक वेळा नसरीनच्या पाळीत. ती तिथली ऑपरेटर. कुजबुज सुरू झाली: ही मशीनवर सिनेमे बघते, काहीतरी भलतंच उतरवून घेते. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी एक दिवस सगळ्यांसमोर तिला झापलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात शंकाताई तिच्या शेजारी अख्खी पाळी बसून आल्या होत्या. निमित्त कामाचं, पण लक्ष तिच्या हातावर. नसरीन प्रत्येक पिशवीचा बारकोड दोनदा स्कॅन करायची. दुसऱ्यांदा डेटाबेस ती नोंद आधीच झालीय म्हणून नाकारायचा.

"दोनदा कशाला?"

"चुकीचं रक्त गेलं तर माणूस जातो, ताई. एकदावर माझा भरवसा न्हाई."

नसरीनला घरी बसवल्याचं कळलं तेव्हा शंकाताईंनी मला खुर्ची ओढायला सांगितली. "बाकीचे एकदा स्कॅन करतात, ही दोनदा. म्हणजे हिच्या पाळीत नाकारलेल्या नोंदी जास्त. तिथंच काहीतरी हाय." त्यांनी ऑफिसातल्या मशीनवर एकच नोंद पुन्हा पुन्हा घालायला लावली. प्रत्येक नकारागणिक डेटाबेसनं घेतलेली मेमरी किंचित वाढत गेली, कमी मात्र होईना. "काम झालं की घेतलेली जागा सोडायची असते. हा डेटाबेस नकार देताना थोडी सोडायची विसरून राहिलाय. मोठ्या मशीनवर कुणाला कळणारबी न्हाई. रक्तपेढीचं मशीन लहान, म्हणून बसतंय."

मग त्या परक्यांनी लिहिलेला तो कोड ओळ न् ओळ वाचत बसल्या. शेवटी जागा सापडली. नोंद नाकारून बाहेर पडण्याच्या वाटेवर मेमरी परत देणारी ओळच नव्हती. त्यांनी ती घातली, आणि दुरुस्ती डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडे पाठवली.

तिकडून उत्तर आलं ते संशयाचंच. तुम्ही कोण, याआधी काय केलंय, मेमरीची ही गळती खरी कशावरून? मी भडकलो. शंकाताई मात्र मला पहिल्यांदाच खुशीत दिसल्या. "शहाणी माणसं हायत. अनोळखी बाईनं पाठवलेलं असंच घेतलं असतं, तर मी हा डेटाबेस वापरणं बंद केलं असतं." त्यांनी गळती दाखवणारी चाचणी लिहून पाठवली. बरीच उलटतपासणी झाली, आणि दुरुस्ती स्वीकारली गेली. रक्तपेढीतलं मशीन पुन्हा बसलं नाही.

आम्ही दोघं नसरीनच्या घरी गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमचा बी संशय होता का माझ्यावर?"

मी घाईनं "नाही" म्हणणार, तेवढ्यात शंकाताई म्हणाल्या, "होता. पहिला तुझ्यावरच होता. म्हणून तर शेजारी येऊन बसले होते."

 नसरीन म्हणाली, "हाव, खरं बोललात. तुम्ही निदान बघायला तरी आला." कामावर यायला तिची एकच अट होती: "डॉक्टरांनी आळ सगळ्यांसमोर घेतला. माघारी बी सगळ्यांसमोरच घ्यायचा."

डॉक्टर आधी आढेवेढे घेत होते. शंकाताई त्यांच्या टेबलासमोरून हलल्याच नाहीत. अखेर सगळ्या स्टाफला बोलावून, जमिनीकडं बघत का होईना, त्यांनी शब्द मागे घेतले.

पुढं शंकाताईंना हैदराबादला नोकरी लागली. बसस्टँडवर नसरीनही आली होती. "तिकडची माणसं तुमचं वाईट मानतील, ताई. जरा दमानं घ्या," ती म्हणाली. "मानू दे," शंकाताई म्हणाल्या, आणि बॅग डिकीत नीट ठेवली का ते क्लीनरला विचारायला गेल्या.

बस गेल्यावर नसरीन बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. "आता माझ्यावर पुन्हा आळ आला तर कोण येईल हो, भाऊ?"

"मी येईन की," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, आणि विचारलं, "कशावरून?"