पुन्हा कार्बोरेटर

नऊ फेब्रुवारी, रविवार. काम एकच होतं: आमच्या घरच्या गाडीचं इंजिन स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू का राहत नाही, ते शोधायचं.

गाडी जुनी, कार्बोरेटरच्या जमान्यातली. फार धूर सोडायला लागली म्हणून माझ्या नवऱ्याने दिवाळीनंतर तिचं इंजिन उतरवलं. ब्लॉक जुन्या जालन्यातून बोअर करून आणला, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या आणि सगळं परत एकट्याने जुळवलं. भोकरदन रस्त्याला, केदारखेड्याच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ते काम करतात आणि शेजारच्या गाळ्यात मी स्पेअर पार्टचं दुकान चालवते. ऑइल, प्लग, बेल्ट, पॅकिंग. लग्न झालं तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. आता गाडी दारात थांबायच्या आधी आवाजावरून सांगते, माझ्या गाळ्यातलं काय खपणार ते. त्यावरून ते मला शेठाणी म्हणतात.

इंजिन चालू व्हायचं, चावी फिरवली की लगेच. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर आवाजही चांगला. पाय उचलला की दोन-तीन धक्के आणि बंद. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तरी बंद पडणारी गाडी कोणाच्या कामाची नाही.

असा दोष कसा शोधायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकले. एक शंका घ्यायची, तपासायची, बाजूला काढायची, मग दुसरी घ्यायची. जे बाजूला काढलं त्याच्याकडे परत वळायचं नाही. तेच तेच खोलणाऱ्या मेकॅनिकची ते फार टिंगल करत. अमका माणूस गाडी दुरुस्त करत नाही, तिला आंघोळ घालतो, म्हणत.

त्या सकाळी त्यांनी कार्बोरेटर खोलला. स्लोला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट पेट्रोलमध्ये धुतला, फुंकला, बसवला. फरक नाही. प्लग बघितले, टायमिंग बघितलं, टॅपेट बघितले. सगळं ठीक. मग आम्ही जेवलो. भाकरी, मेथीची भाजी, ताक. हात धुऊन ते शेडमध्ये गेले, बॉनेटखाली वाकले आणि म्हणाले की कार्बोरेटर खोलून बघू, स्लोचा जेट चोक झाला असंल.

मला वाटलं, सकाळी नीट साफ झाला नाही अशी त्यांना शंका असेल. मी पेट्रोलची वाटी पुढे केली. त्यांनी जेट धुतला, फुंकला, बसवला. फरक नाही. थोड्या वेळाने मी चहा आणला. चहा पिऊन कप खाली ठेवला, कपाळावर बोट घासलं, जसं काही नवीन सुचलं की ते घासतात तसं, आणि म्हणाले, कार्बोरेटर खोलून बघू.

माणूस विसरतो. मीसुद्धा विसरते. वर्षभरात ते चाव्या कुठे ठेवल्या ते विसरले होते, जुन्या गिऱ्हाइकांची नावं विसरले होते, एकदा जाफराबादला जायचं म्हणून निघून अर्ध्या वाटेतून परत आले होते. त्या प्रत्येकाला माझ्याकडे एक कारण होतं. पण दोष शोधणं म्हणजे काय काय तपासून झालं ते डोक्यात धरून ठेवणं. तेवढंच तर ते काम. ते त्यांच्या डोक्यात राहत नव्हतं. मी पेट्रोलची वाटी हातात घेऊन उभी होते आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की बिघाड कुठे आहे.

मी वाटी दिली नाही. म्हटलं, "ते झालंय."

"कधी?"

"सकाळी झालं. जेवणानंतर झालं."

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि वास घेतला. पेट्रोलचाच वास. मग नखं बघितली. इतर दिवशी काळी असणारी नखं त्या दिवशी धुतल्यासारखी होती.

"मंग तालुक्यात एवढा साफ कार्बोरेटर कोणाचाच न्हाई," ते म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. हसणं मधेच थांबलं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याजवळ गेले नाही. गेले असते तर रडले असते, आणि काम तसंच राहिलं असतं.

मग ते उठले. "असं करू," म्हणाले, "ध्यानात तू ठेव. हात मी चालवतो."

तसं आम्ही केलं. मी तोंडाने सांगत गेले: जेट झाला, प्लग झाले, टायमिंग झालं, टॅपेट झाले. काही उरलं का म्हणून ते विचारायचे आणि मी पहिल्यापासून सांगायचे. एवढं सगळं बराबर असेल तर इंजिन कुठून तरी जास्तीची हवा ओढून राह्यलं, असं ते म्हणाले. याची त्यांना कोणी आठवण करून द्यावी लागली नाही. ते हातात होतं, कानात होतं.

बाटलीच्या झाकणाला भोक पाडून मी तिच्यात पाणी भरलं. त्यांनी इंजिन चालू करून ॲक्सिलरेटरची केबल बोटाने ओढून धरली आणि डोळे मिटले. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या एकेका जोडावर मी पाणी मारत गेले. जिथून हवा आत जाते तिथे पाणी ओढलं जातं आणि आवाज बदलतो. वरच्या बाजूला काही नाही. खाली, मागच्या अंगाला, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे मी अंदाजाने पिचकारी मारली, आणि आवाज बदलला.

"थांब. तिथंच."

त्यांनी हात खाली घातला. एक जाड रबरी पाइप नुसता ओढताच सुटून हातात आला आणि इंजिन बंद पडलं. त्याची क्लिप आवळलेलीच नव्हती.

"ही कोणी सोडली?"

शेडमध्ये दिवाळीपासून त्या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. ते त्यांना तेवढ्या वेळात आठवलं. त्यांनी पाइप परत चढवला, क्लिप आवळली, ओढून बघितली, परत आवळली. चावी फिरवली. पाय उचलला. इंजिन चालू राहिलं, एकसारखं, जसं राहायला पाहिजे तसं. एवढ्या महिन्यांचं काम होतं, पण त्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही.

तो पाइप ब्रेकच्या बूस्टरला जातो. चालत्या गाडीत तो निघाला तर ब्रेकचं पायडल दगडासारखं होतं. हे मलाही माहीत आहे.

"लोकाची गाडी असती तर," ते म्हणाले. हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, "आता लोकाच्या गाड्या घ्यायच्या न्हाईत. मी घेतली तरी तू घेऊ देऊ नको. भांडलो तरी."

मी बरं म्हटलं. तीस वर्षं ज्या माणसाने एकही गाडी परत पाठवली नाही, त्याने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी पाण्याची बाटली उचलली आणि भांडी घासायला घरात गेले. नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा झाडत होते. जांब समर्थला देवदर्शनाला निघालेलं एक कुटुंब गाडी घेऊन आलं. ब्रेक दाबला की खरखर आवाज येत होता. मागे म्हातारी आणि दोन लेकरं बसलेली. मी बाहेर येईपर्यंत नवऱ्याने गाडी शेडमध्ये घ्यायला हात केला होता. आवाज खणखणीत, चेहरा ताजा. "लावा आत, अर्ध्या तासात देतो."

मी गाडीसमोर उभी राहिले आणि चालवणाऱ्याला म्हटलं, इथे काम होणार नाही, पुढे पेट्रोल पंपाशेजारी गॅरेज आहे, हळू न्या.

"तुला कोणी इचारलं?" ते म्हणाले. "भाऊ, बायको दुकानात बसती अन् स्वतःला मिस्त्री समजती."

गाडीतले हसले. त्यांना नवरा-बायकोचं नेहमीचं भांडण वाटलं. मी म्हटलं, "तुम्हीच काल सांगितलंत."

"मी? काल?"

ते खोटं बोलत नव्हते. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी बाजूला झाले नाही. शेवटी त्या माणसाने गाडी मागे घेतली आणि रस्त्याला लागला. नवऱ्याने हातातला पाना फरशीवर टाकला आणि ते घरात गेले.

मी पाना उचलून जागेवर लावला. शेडचं शटर ओढलं, कुलूप घातलं, चावी माझ्या कमरेला खोवली. मग जालन्यात मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून नवऱ्याच्या नावाने नंबर लावला.