ऑर्व्हल स्ट्राउडचा हिसका

ऑर्व्हल स्ट्राउड हा माझा मेहुणा. चाळीस वर्षं मी त्याला सोसलं, ते केवळ माझ्या धाकट्या बहिणीसाठी, डॉर्लासाठी. रान आमच्या बापाचं, गुरांवर डागलेली मालकीची खूणही बापाचीच. पण मिशीला पीळ देऊन मिरवायचा हा. ओरेगनच्या या डोंगरात कुणी चाऱ्याचं नाव काढलं, की यानं मध्ये तोंड घातलंच.

येत होतं काय, तर एक हिसका. वसंतात गुरं सोडण्याआधी गवताचा झुबका मुठीत धरून ओढायचा. मुळासकट हाती आला तर थांबायचं, नुसती पाती तुटली तर फाटक उघडायचं. गवताला हे ठीक आहे. पण आमच्या पाइनच्या झाडांखाली वाढतो तो लव्हाळा, दिसायला फक्त गवतासारखा. एल्क हरणं तो बर्फ उकरून खातात. त्याची मुळं जमिनीत अशी गुंतलेली असतात, की अर्धमेला झाला तरी उपटून येत नाही. एवढं माझ्या कुत्र्यालाही कळतं.

एका ऑगस्टमध्ये रान पेटलं. जुने पाइन बुंध्याशी काळे पडले, पण उभे राहिले. तीन आठवड्यांत राखेतून लव्हाळा हिरवागार वर आला.

"दोन उन्हाळे गुरं सोडू नकोस," डॉर्ला म्हणाली. "मुळातली शिदोरी खाऊन उगवलाय तो. आत्ता पाती गेली तर मरेल."

ऑर्व्हलनं वाकून हिसका दिला. "बघ, कसला घट्ट! तुझं आपलं काहीतरीच."

"अरे शहाण्या, ते गवत नाही," मी म्हटलं.

"हिरवं ते गवत," म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं. पुढच्या वसंतातही उघडलं.

तिसऱ्या वर्षी लव्हाळा औषधालाही उरला नाही. त्याच्या जागी परदेशी कुसळी गवत माजलं. ते जूनमध्येच वाळलं, वीज पडून पेटलं, आणि राखेतून पुन्हा तेच उगवलं. गुरांच्या तोंडात कुसळं रुतायला लागली, तेव्हा बापाचा कळप उत्तरेला आमच्या चुलत भावाकडे धाडायचं ठरलं.

गुरं ट्रकमध्ये चढताना ऑर्व्हल ड्रायव्हरला सांगत होता, "आगीनं बुडवलं हो आम्हाला."

"आगीनं नाही," डॉर्ला म्हणाली. "तिनं तीन आठवड्यांत हिरवं करून दिलं होतं. बुडवलंस तू."

मग ती ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि दार ओढून घेतलं.

"परत कधी येणार?" ऑर्व्हलनं विचारलं.

"लव्हाळा येईल तेव्हा," ती म्हणाली.