डब्बीतला हिंग आणि तांदळाचा पिझ्झा

वरठीच्या स्टेशनावर मायनं माझी ओटी दुसऱ्यांदा भरली. घरी एकदा भरून झाली होती, पण गाडी दिसली तशी तिनं पिशवीतून मूठभर तांदूळ काढले अन् पुन्हा माझ्या पदरात टाकले. "तिकडं भात भेटन ना वं बाई?" एवढंच विचारलं. मला हसू आलं. नवरा टोरांटोला इंजिनिअर, मी निघाले सातासमुद्रापार, आणि मायला चिंता भाताची! चौऱ्याहत्तर साल होतं. बापू मोहाडीतलं किराणा दुकान बंद ठेवून आले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, आणि मग माझं हसणं कुठल्या कुठं गेलं.

भात भेटला. माणसं नाही भेटली. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. शेजारीण हसून 'हाय' म्हणायची अन् दार लावून घ्यायची. आमच्या मोहाडीत दिवसा दार लावलं, तर घरात कोण बिमार आहे म्हणून लोक विचारायला येतात. कधीमधी पुण्याकडच्या दोन-तीन बायका जमायच्या. त्यांच्या फोडणीत हिंग असायचा, मग मीही घालायला लागले. भारतात कोणी निघालं की आधी हिंगाची डब्बी सांगायची. रिकाम्या घरात ती उघडून मी नुसताच वास घेत बसायची आणि रडायची. मला वाटायचं, हेच आपलं घर.

मग मिलिंद झाला. चार वर्षांचा झाला तरी हातपाय काड्या अन् पोट नगारा. डॉक्टर म्हणाले, गव्हातलं ग्लूटेन याला जन्मभर चालायचं नाही. म्हटलं, जाऊ दे, धानाच्या मुलखातलं पोर, भातावर वाढेल. पण शाळेत शुक्रवारी पिझ्झा असायचा. एकदा काचेतून पाहिलं, सगळी पोरं एका टेबलाशी आणि माझा मिलिंद दहीभाताचा डबा घेऊन दुसऱ्या टेबलाशी. एकटेपणा काय असतो ते मला माहीत होतं, पण तो पोराच्याही वाट्याला यावा? घरी आले आणि तांदळाचं पीठ काढलं.

पहिले पिझ्झे म्हणजे नुसती खापरं. हात लावला की तुकडे. मग मायची भाकर आठवली. उकळत्या पाण्यात पिठी घालून उकड काढली, गरम असतानाच मळली, थापली, अर्धी भाजून घेतली, वर टोमॅटोची चटणी अन् चीज. जमला एकदाचा! आम्ही तिघं एकाच ताटातून खायचो. पण पोराचं पोट काही थाऱ्यावर येईना. मी तवा वेगळा केला, घरातली पोळी बंद केली, नवऱ्याचा ब्रेड फेकला. तरी वजन वाढेना. माझ्याच हातचं खाऊन पोर सुकत होतं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला घेऊन मोहाडीला आले. महिनाभर मायच्या हातचा भात, वरण, भाकर खाऊन पोराचे गाल भरले. माय म्हणाली, गावचं पाणी मानवलं. मीही मान डोलावली. मग एका शुक्रवारी मिलिंदनं पिझ्झ्याचा हट्ट धरला. चुलीवर तवा, झाकणावर निखारे, चीज नाही म्हणून टांगलेलं दही. माय तोंडाला पदर लावून हसत होती. चटणीसाठी मी पर्समधून हिंगाची डब्बी काढली.

बापू जेवायला आले होते. त्यांनी डब्बी हातात घेतली. "पोराले गहू चालत नाही ना? मग हे कायले टाकतं? यात हिंग थोडा अन् कणीकच जास्त राहते."

मी डब्बी त्यांच्या हातून घेऊन दूर सारली. मायनं तोवर लसूण ठेचायला घेतला होता. "आपल्या घरी कधी होता वं हिंग? लसणावर वाढली तू," ती म्हणाली.

खरंच की. बापू दुकानात विकायचे, पण आमच्या चुलीवर हिंग कधी चढलाच नव्हता. आठ वर्षं मी ज्या वासाला घर समजून रडले, तो आमच्या घरचा नव्हताच. आणि माझं पोर त्याच्यापायी झुरत होतं. त्या दिवशी तेलात लाल केलेला लसूण पिझ्झ्यावर पडला. मिलिंदनं बोटं चाटली.

आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय. माय गेली, तिच्यामागं बापूही गेले. मागच्या वर्षी एकटीच मोहाडीला जाऊन आले. घरात आता भाऊ-वहिनी राहतात, गॅस आलाय, वहिनी खूप जीव लावते, पण निघताना ओटी भरायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मीही आठवण दिली नाही, मागून घेतात का ओटी? वहिनीच्या फोडणीत आता हिंग असतो. जेवताना मायच्या हाताची चव शोधत राहिले, भेटली नाही.

गावात राहिलेल्यांनो, वाईट वाटून घेऊ नका. मायचं स्वयंपाकघर आता तुमच्याकडे नाही. ते टोरांटोत आहे, दर शुक्रवारी, तांदळाच्या पिझ्झ्यावरच्या लसणात. नवरा अन् पोरगा मिटक्या मारत खातात. तो वास कोणाचा आहे, हे त्या टेबलाशी मला एकटीलाच कळतं.