‘बसायचं का?’ या प्रश्नाविषयी

समस्त कोल्हापूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मराठीतले ‘बसणे’ हे क्रियापद मी आजन्म वर्ज्य केले आहे. मी खुर्चीवर टेकतो, पाटावर मांडी घालतो, रिक्षात शिरतो. बसत मात्र नाही. आमच्याकडे कोणी ‘बसायचं का?’ म्हणालं, तर कशाला हे कोणी विचारत नाही. चकणा काय आणू, एवढंच विचारतात.

मुलीची दोन स्थळं माझ्या तोंडाच्या वासानेच परत गेली होती. तिसऱ्याचा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "हे मोडलं तर पोरीला घेऊन मी गडमुडशिंगीला, माहेरी. मग बसा पीत." त्याच दिवशी मी दारू सोडली. तिने आरशासमोर उभं करून माझ्याकडून एक वाक्य घोटून घेतलं: "न्हाय. मी सोडलीया."

शाहूपुरीतले दोस्त दारूच्या दुकानाच्या पायरीवरून हाक मारायचे, "काय मर्दा, बसायचं न्हवं?" मी वाक्य म्हणायचो.

"आयला, वहिनीनं पोपट पाळलाय की!"

पोपट त्यांच्याबरोबर खदाखदा हसायचा. घरी येऊन न्हाणीघराची कडी लावायचा, बादलीत नळ सोडायचा आणि त्या आवाजाआड रडायचा. हात असे थरथरायचे की कपातला निम्मा चहा बशीत. तांब्याभर पाणी प्यायलो तरी तहान तशीच. दिवस उजाडला की पहिला विचार, हा संपायचा कसा?

विसाव्या दिवशी पाहुणे आले. माझं पिणं त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं, जाऊ द्यायचंही नव्हतं. मी हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा. पोहे झाले, पोरगी पसंत पडल्यासारखी दिसत होती. मुलाच्या धिप्पाड वडिलांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मग पावणं, बसायचं का आता?"

बोलणी करायला, असं त्यांना म्हणायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं. त्या क्षणी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. समोर पोरगी, दारात बायको आणि माझी नजर पाहुण्यांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत बाटलीचा आकार शोधत होती. वीस दिवसांत मी काहीच सोडलं नव्हतं. नुसता पीत नव्हतो. पण मन पिशवीत शिरायच्या आत पोपट बोलून गेला, खणखणीत आवाजात:

"न्हाय. मी सोडलीया!"

बायकोने चौकट घट्ट धरली. पोरीने मान खाली घातली. मुलाचे वडील आ वासून माझ्याकडे बघत राहिले. गेलं, तिसरंही गेलं. आता पोरीकडे बघायचं कुठल्या तोंडाने?

एवढ्यात मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली आदळली आणि नवऱ्याकडे वळून ती ओरडली, "बघा, त्यांनी सोडली! तुमी कवा सोडणार हाईसा?"