सत्तावीसची दक्षिण बाजू

फेब्रुवारीच्या अखेरीस शिकारीच्या नियमांचं नवं पुस्तक दुकानात आलं, की नेल्डा ट्रेवेना एक प्रत घरी नेते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डावीकडे गेल्या वर्षीचं पुस्तक, उजवीकडे यंदाचं, मधे लाल पेन्सिल. ओळीला ओळ लावून ती दोन्ही वाचते. कुठे हरणांचा मोसम आठवडाभर अलीकडे आलेला असतो, कुठे एल्क जातीच्या मोठ्या हरणांच्या माद्या मारायला बंदी झालेली असते, कुठे विभागाची हद्द नदीवरून उचलून रस्त्यावर नेलेली असते. बदललं असेल तेवढंच ती एका कागदावर उतरवते आणि तो कागद काउंटरच्या काचेखाली सरकवते. गावातली माणसं पुस्तक घेऊन जातात, पण वाचतात नेल्डाचा कागद.

आमच्या दुकानात खिळे, रंग, गुरांची औषधं आणि सरकारी परवाने मिळतात. मी रंगांच्या बाजूला, ती परवान्यांच्या. सतरा वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खातोय. नवरा सोडून ती वडिलांकडे परत आली त्याच वर्षी मी इथे लागले.

तिचे वडील ऑर्विल, वय एक्याऐंशी, उभा जन्म तांब्याच्या खाणीत गेलेला, उजवा गुडघा त्या खाणीतच ठेवून आलेले. साध्या हरणाचा परवाना कुणालाही मिळतो, मूस या अवाढव्य हरणाचा मात्र सोडतीत नाव निघालं तरच. ऑर्विल तेवीस वर्षं मूससाठी अर्ज करत होते, आणि दर वर्षी विभाग एकच, सत्तावीस. कारण कटलर ओढ्याजवळची, विलोच्या झुडपांनी भरलेली दलदल. शरद ऋतूतल्या रविवारी ते आणि त्यांची बायको मर्टल तिथे गाडी लावून बसत. मांस-बटाट्याची पास्टी, थर्मासमधली कॉफी, आणि समोर गुडघाभर पाण्यात चरणारा, घोड्याहून उंच मूस. मर्टल म्हणायची, "एकदा तरी हा माझ्या फ्रीजरमध्ये यायला हवा." मर्टल जाऊन सहा वर्षं झाली. फ्रीजरचा खालचा कप्पा नेल्डा अजून रिकामा ठेवते.

गेल्या वर्षी सत्तावीसचे दोन भाग झाले. उत्तरेचा डोंगर सत्तावीसच राहिला, दक्षिणेची दलदल अठ्ठावीस झाली. नेल्डाच्या कागदावर ही ओळ सगळ्यात वर होती, खाली दोन लाल रेघा. गावातल्या निदान चाळीस माणसांना तिने तोंडी बजावलं. डस्टी प्रुइटला तर दोनदा, कारण तो ऐकताना मान हलवतो आणि ऐकत नाही.

आणि वडिलांचा अर्ज तिने नेहमीसारखा फ्रिजवरच्या चुंबकाखालची जुनी चिठ्ठी बघून भरला. सत्तावीस.

जूनमध्ये सोडतीत नाव निघाल्याचं पत्र आलं. ऑर्विल काठी टेकत दुकानात आले आणि रंगांच्या डब्यांपासून कुत्र्यांच्या खाण्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते दाखवलं. "आयरिस, वाच," मला म्हणाले. "मोठ्याने वाच. या डस्टीला नीट ऐकू येत नाही."

"येतं हो," डस्टी म्हणाला. "मूस बघितल्यावर तुम्हालाच चक्कर येईल."

"आली तर तू उचलायला ये. मांस उचलायला मात्र येऊ नकोस."

मी वाचलं. नेल्डाने पत्र हातात घेतलं आणि तिची नजर आकड्यावर थांबली. दुपारी डब्यातलं सॅन्डविच तिने तसंच कागदात गुंडाळून ठेवलं.

"सांगू नकोस," मी म्हटलं. "सप्टेंबरपर्यंत तरी."

"सप्टेंबरमध्ये कटलरला बंदूक घेऊन गेले तर गुन्हा होईल. आणि एकदा नाव निघालं की सात वर्षं अर्ज करता येत नाही. सात वर्षं, आयरिस." तिने डबा बंद केला. "मी चाळीस जणांना सांगितलं."

रविवारी जेवताना तिने त्यांना सांगितलं. नंतर माझ्याकडे येऊन जसं बोलली, तसंच लिहिते.

"डॅड, मी चुकीचा नंबर लिहिला. दलदल आता अठ्ठावीसमध्ये आहे. तुझा परवाना डोंगरावरचा आहे."

ऑर्विलनी काटा खाली ठेवला. "डस्टीला सांगितलं होतंस?"

"हो."

"शाळेतल्या त्या गाण्याच्या बाईला?"

"तिलाही."

"म्हणजे गावात कळलं नाही ते मलाच. आणि राहतो मी तुझ्याच घरात."

"तुझ्या घरात मी राहते," ती म्हणाली.

त्यावर ते हसले नाहीत. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती घरी गेली तर ते टेबलाशी भिंग घेऊन बसले होते. समोर नियमांचं पुस्तक. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः वाचत होते.

"इकडे ये," ते म्हणाले. "अठ्ठावीसमध्ये मूस किती मारू देतायत?"

"एक."

"आणि डोंगरावर?"

"चार."

"मग तू बरोबर लिहिलं असतंस तर हे पत्र आलंच नसतं. तेवीस वर्षांचं चोवीस झालं असतं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एकच देतात म्हणजे तिथे आता उरलेतच किती? तुझ्या आईच्या वेळी आम्ही सहा-सहा मोजायचो."

नेल्डा म्हणते, तिने ते एक आणि चार स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले होते. त्यांचा अर्थ मात्र तिला त्या संध्याकाळी कळला.

सप्टेंबरच्या मध्यापासून दर रविवारी ती त्यांना डोंगरावर लाकूडतोडीच्या रस्त्याने जिथवर गाडी जाते तिथवर नेत असे. पुढे फाटक, फाटकापलीकडे तीनेकशे पावलांवर एक पडलेलं पाइनचं झाड. तिथवर पोचायला त्यांना पाऊण तास लागे. भगवं जाकीट, मांडीवर बंदूक, खिशात पास्टी. मूस एकदाही दिसला नाही. एका रविवारी चिखलात खूर उमटलेले दिसले. ऑर्विलनी त्यावर आपला पंजा ठेवून पाहिला आणि बराच वेळ काढला नाही.

नोव्हेंबरअखेर मोसम संपला. न वापरलेला परवाना आता फ्रिजवर आहे, चुंबकाखाली. जुनी चिठ्ठी काढून टाकलीय. खालच्या कप्प्यात नेल्डाने मटार आणि पाव भरलेत.

या फेब्रुवारीत तिच्या कागदाची पहिली ओळ अशी होती: "विभागाचा नंबर स्वतः पुस्तकात बघा. गेल्या वर्षी मी चुकले." मालक म्हणाले, "नेल्डा, असं लिहिल्यावर लोक दुकानावर भरवसा ठेवतील का?" ती म्हणाली, "पुस्तकावर ठेवतील." ओळ राहिली. आता कुणीही आलं की ती पुस्तक पुढे सरकवते आणि नंबर मोठ्याने वाचायला लावते. लोक कुरकुरतात.

काल ऑर्विल हरणाच्या परवान्यासाठी रांगेत उभे होते. पाळी आली तेव्हा नेल्डाने अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "विभाग?"

त्यांनी जाकिटातून स्वतःचं पुस्तक काढलं. मग चष्मा. मग भिंग.

"ऑर्विल, हे मोसमाच्या आत होईल ना?" मागून डस्टी म्हणाला.

"तुला घाई असेल तर घरी जा," ऑर्विल म्हणाले आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले.