फडावरचे साक्षीदार

मांजरसुंब्याच्या फाट्यावर मळीचा टँकर शेजारून गेला, की तो आंबूस वास मला सरळ तालुक्याच्या कोर्टात नेऊन बसवतो. दुष्काळाचं साल होतं. मेंढरं पाजायला सहकारी साखर कारखान्याच्या विहिरीचं कुलूप तोडलं, असा माझ्या भावावर खटला होता. त्या सांजेला तो आमच्याच गल्लीत एका हळदीला होता, सगळ्या गल्लीनं पाहिलेला. पण तारीख लागली ती ऐन हंगामात. गल्ली ऊस तोडायला गेलेली, त्याच कारखान्याच्या फडावर, आणि मुकादम एकालाही सोडेना. सरकारी साक्षीदार मात्र कारखान्याच्या जीपमधून उतरले. आमच्या वकिलानं मुदत मागितली. "बचावाला पुरेशी संधी दिली आहे," म्हणून जजसाहेबांनी ती नाकारली. मग शिपायानं व्हरांड्यात आमच्या साक्षीदारांची नावं पुकारली. जीपमधून आलेला एकजण भजी खात म्हणाला, "मोठ्यानं वरड बे, लई लांब फडात हायती ते." सगळे हसले, शिपाईसुद्धा. भावाला सजा झाली. आजही कुणाच्या हळदीला गेले, की नवरीकडं बघायच्या आधी मी मांडवातली माणसं न्याहाळते. ह्यातलं हंगामात गावात कोण राहणार आहे, ते बघते.